क्वेबेकचं साल

वसईजवळच्या वटार गावात बसल्या बसल्या ऑगस्टीन सरांना कॅनडाचा इतिहास तोंडपाठ झाला होता, आणि त्यांना स्वतःला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. परीक्षा लविनाची होती, त्यांच्या एकुलत्या एका लेकीची. ती ब्रॅम्पटनला नर्स होती. तिथलं नागरिकत्व हवं तर त्या देशाच्या इतिहासाचे आणि कारभाराचे वीस प्रश्न सोडवायचे, त्यातले पंधरा बरोबर आले पाहिजेत. सरांनी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेला. त्यांनी सरकारी पुस्तकाची झेरॉक्स काढून आणली, लाल पेन शोधलं, आणि रोज सकाळी साडेसहाला, लविनाच्या घड्याळात रात्रीचे नऊ वाजलेले असताना, फोनवर तिची उजळणी घ्यायला सुरुवात केली.

त्याआधी बापलेकीचं बोलणं म्हणजे नुसतंच नाव. फोन असायचा बायकोच्या, क्लाराच्या हातात. सर मागून एखादं वाक्य टाकायचे आणि वाडीत केळींना पाणी सोडायला निघून जायचे. क्लारा गेली त्याला अडीच महिने झाले होते. लविना दहा दिवस येऊन परत गेली, मग दर रविवारी फोन करू लागली. औषध घेतलं? घेतलं. लाईट आहे? आहे. दोन मिनिटांत फोन बंद.

सर अंत्यविधीला रडले नाहीत. महिना झाल्यावर चर्चमध्ये तिच्यासाठी झालेल्या मिस्सेला पहिल्या बाकावर बसले ते दुसऱ्याच कुणासाठी आल्यासारखे. आपल्याला दुःख झालंय हे त्यांना ठाऊक होतं, पण ते आत कुठे आहे हे सापडत नव्हतं. चहा निवायचा, दिवस मावळायचा. दिवसातली जिवंत वेळ काय तो सकाळचा पाऊण तास, लेकीला कॅनडा विचारण्याची. त्यातही शिक्षकी खोड जाईना. प्रत्येक सालाला ते वसईचा खुंटा ठोकून द्यायचे. "चिमाजी अप्पांनी वसई घेतली सतराशे एकोणचाळीसला. त्यात वीस मिळव, इंग्रजांनी क्वेबेक घेतलं. आता विसरून दाखव."

बुधवारी लविना म्हणाली, "डॅडी, शुक्रवारी देऊन टाकते एक्झाम. डोक्यावरचं ओझं जाईल."

"दे," सर म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना कळलं की शनिवारपासून विचारायला काही उरणार नाही. पुन्हा रविवार, पुन्हा औषध आणि लाईट.

गुरुवारी ती दमून आलेली होती. सलग तीन ड्युट्या झालेल्या, डोळे मिटत होते. सरांनी विचारलं, "क्वेबेकची लढाई?"

"सतराशे एकोणचाळीस."

वसईची पोर, वसईचंच साल देऊन मोकळी झाली. सरांनी पेन उचललं. या माणसाने स्वतःच्या लेकीला नववीत एका मार्काने नापास केलं होतं, क्लारा आठवडाभर बोलली नव्हती तरी तो मार्क वाढवला नव्हता.

"बरोबर," सर म्हणाले.

पुढे रेल्वेचं साल चुकलं. बरोबर. न्यूफाउंडलंड कधी सामील झालं ते चुकलं. तेही बरोबर. सरांनी मनातल्या मनात बेरीज केली. आधीच कच्चे असलेले तीन आणि हे तीन, म्हणजे सहा. नापास व्हायला तेवढे पुरेत. नापास झाली की पुन्हा अभ्यास, पुन्हा साडेसहा. आपण केलं ते पाप आहे, हे त्यांना समजत होतं. पण लाज वाटेना, आणि लाज वाटत नाही याची मात्र भीती वाटली.

शुक्रवारी साडेसहाला फोन वाजला नाही, दाराची बेल वाजली. वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत राहणारा पुतण्या फेबियन गाडी घेऊन आला होता. हातातल्या मोबाईलवर लविना, रडून रडून नाक लाल.

"काका, बसा जरा," फेबियन म्हणाला. "लविनाने काल फोन ठेवल्यावर पुस्तक उघडून बघितलं. तीन आन्सर राँग होते आणि तुम्ही बरोबर बोललात. वसईचं साल क्वेबेकला!"

"डॅडी, तुमचं साल कधी चुकत नाही," लविना म्हणाली. "मम्मी गेल्यापासून तुम्ही... फेबियन नेतोय तुम्हाला डॉक्टरकडे, मेमरीच्या. मी रविवारचं तिकीट काढलंय. एक्झाम राहू दे."

फेबियनने खुर्ची जवळ ओढली आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "काका, आज वार कोणता?"

जन्मभर प्रश्न विचारणाऱ्या माणसाची आज तोंडी परीक्षा होती. आणि किती सोपी! मंगळवार म्हटलं की झालं. सोमवारी लेक याच खोलीत असती. परीक्षा बुडाली असती, आणि कुणी सरांना बोल लावला नसता, उलट ताप आहे का म्हणून कपाळावर हात ठेवून पाहिलं असतं. सरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं नाही. त्याची गरजच नव्हती.

"शुक्रवार," ते म्हणाले. "क्वेबेक सतराशे एकोणसाठ. रेल्वे अठराशे पंच्याऐंशी. न्यूफाउंडलंड एकोणीसशे एकोणपन्नास. मला सगळं येत होतं, बाय. मी मुद्दाम बरोबर म्हटलं."

"मुद्दाम? का?"

"पास झालीस की फोन कशाला करशील?"

फेबियन खाली मान घालून बसला. मोबाईलमधल्या लविनाने तोंड पुसलं.

"म्हणजे तुम्ही ठीक आहात," ती म्हणाली. आवाज कोरडा, अगदी सरांसारखा. "मी कालपासून रडतेय इकडे. मग कॅन्सल करते तिकीट."

हो म्हणणंच योग्य होतं. चौतीस वर्षांच्या सवयीने तोंडाशी तेच आलं. पण अडीच महिन्यांत पहिल्यांदाच छातीत काहीतरी दुखलं, इतकं की त्यांना टेबलाची कड धरावी लागली.

"नको," सर म्हणाले. "परीक्षा दे. पास हो. पण ये."