माझ्या पोटात सोयाबीन

हसू नका. खिमा करायची मशीन असले म्हणून काय झालं? मलाही तोंड आहे, आणि ते घरातल्या कुणाहीपेक्षा मोठं आहे. चाळीस वर्षं लोकांनी त्यात कोंबलं आणि मी मुकाट दळलं. आज मी बोलणार, तुम्ही ऐकायचं.

माझा जन्म ओतशाळेतला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, वरून कल्हईसारखा चकचकीत मुलामा दिला, झाले मी. वर रुंद तोंड, पोटात मळसूत्र, पुढे चार पात्यांची सुरी, तिच्यावर भोकांची जाळी आणि मागे हँडल. मला पुसणारा कामगार म्हणाला होता, "जा बाई, चांगल्या घरी पड." जसा काही बापच लागून गेला होता.

पडले ती मटणाच्या दुकानात. मालक तेव्हा नवाच खाटीक, मिशी धड फुटलेली नव्हती. दोन वर्षांनी मालकीण लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी मला पाहून नवऱ्यावर कडाडली, "अहो, हिला धुऊन ओलीच ठेवलीत? पुन्हा ठेवलीत तर जेवण बंद." तेव्हापासून मी तिची.

तिचा एक नेम होता. सकाळी दुकान उघडलं की माझी सुरी, जाळी, मळसूत्र आणि दळायचा माल, सगळं आधी अर्धा तास फ्रीजरात. गरम मालाची चरबी वितळते आणि खिम्याचा चिखल होतो. "खिमा मोकळा पडला पाहिजे," ती म्हणायची. तो तसा पडायचा. गिऱ्हाईक मात्र "चरबी अजिबात नको" म्हणून न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी "कोरडा झाला हो" म्हणून भांडायला यायचं. माणसाची जात अशीच.

मग हवा बदलली. कुणी म्हणे, आम्ही आता आठवड्यातून एकदाच. कुणाला डॉक्टरांनी अडवलं, कुणाला मुलीनं. एक निवृत्त मास्तर पेपर नाचवत आले, "अहो, आता म्हणे जनावर न मारता टाकीत मांस वाढवतात!"

मालक म्हणाला, "आणि टाकीला चारा कोण घालतो?"

हसला तो, पण त्याच वर्षी त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याचंच मटण बंद केलं. खाटकाचं मटण बंद! गल्ल्यावर असा बसायचा, जसं कुणी त्याचीच सालटी काढली आहेत.

त्यात इस्पितळाच्या कॅन्टीनच्या बाई आल्या. अर्धं दुकान त्यांच्या ऑर्डरवर चालायचं. "दादा, पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस खिम्याचे गोळे बिनमटणाचे. वरून हुकूम आहे. तुम्ही देणार असाल तर सहाही दिवस तुमचे. नाहीतर सगळंच दुसरीकडे."

"मी खाटीक आहे, भाजीवाला नाही," मालक गुरगुरला.

बाई गेल्यावर मालकीण म्हणाली, "नाही म्हणा आणि लावा दुकानाला कुलूप. मग दिवसभर घरात बसून माझं डोकं खाल. डॉक्टरांनी तेही बंद केलंय."

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, "बाबा, मी करते." ही सूनबाई. जन्मात मटण खाल्लेलं नाही. मुलानं स्वतः पसंत करून आणली, आणि तो राहतो ट्रकवर. दुकानातून जाताना ती नाकाला पदर लावायची.

"तू? नाक धरून जातेस ती?"

"म्हणूनच. बिनमटणाचं चांगलं काय लागतं ते या घरात माझ्याशिवाय कुणाला माहितेय?"

तिनं भिजवलेलं सोयाबीन, उकडलेला घेवडा, अळंबी आणि खोबऱ्याचं तेल घेतलं आणि घरच्या मिक्सरला लावलं. झाला लगदा. गोळा तव्यावर टाकला की तेल सोडून पसरायचा. मालकानं बोट लावून विचारलं, "हे खायचं की गुडघ्याला चोळायचं?" दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच. पोरीनं तरी सोडलं नाही. मला ती तेव्हाच आवडली.

कॅन्टीनच्या बाई चव बघायला येणार त्या दिवशी तिनं पहाटेच मिश्रण कालवलं, टब दुकानातल्या टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेली. मालकीण आली. टेबलावर टब दिसला, उचलला, ठेवला फ्रीजरात. इतक्या वर्षांचा हात तो, डोक्याला विचारतो कशाला?

"आई, इथला टब?"

"फ्रीजरात."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? दळायचा माल आणखी कुठे जातो?"

टब बाहेर आला तो कडक होऊन. तेल थिजून पांढरे कण झालेले. सूनबाई मटकन स्टुलावर बसली. "वाटोळं झालं. आता मिक्सरही फिरायचा नाही. तासाभरात बाई येतील."

मालक उठला. अंगठ्यानं माल दाबला आणि तसाच थांबला. कितीतरी महिन्यांनी त्याचे डोळे खाटकाचे दिसले. "तेल नाही हे, चरबीसारखं बसलंय. मिक्सर राहू दे. मशीनला लाव."

"त्यात? बाबा, त्यातून मटण..."

"कळतंय गं," मालकीण म्हणाली आणि तिनं माझा सांधान् सांधा सुटा करून उकळत्या पाण्यात टाकला, तिथून काढून बर्फाच्या पाण्यात. सासुरवास म्हणतात तो हाच.

पहिला घास पोटात आला. मी दात आवळून मटणातल्या शिरेची, पडद्याची वाट बघतेय, तर काहीच अडकेना. चुकल्याचुकल्यासारखं झालं बघा. पण जाळीतून माल आला तो सुटा, दोरीदोरीचा, मध्ये पांढरे ठिपके.

"मोकळा पडला की!" मालकीण ओरडली.

मालकाचा हात चार फेऱ्यांत दमला. सूनबाई पुढे झाली, पदर कमरेला खोचला आणि तिनं हँडल धरलं. उरलेला टब तिनं दळला. मालकानं गोळा तळला. तो पसरला नाही. त्यानं मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

"मीठ कमी. मिरी घाल. आणि हे मटण नाही."

"नाहीच आहे, बाबा."

"मग तसं सोंग आणायला लावू नकोस त्याला. आहे तेच चांगलं लागतंय." आणि दुसरा उचलला.

कॅन्टीनच्या बाईंनी तीन गोळे एकामागून एक संपवले. मग म्हणाल्या, "चौथा बांधून द्या, नवऱ्याला दाखवते. आणि सोमवारपासून सुरू करा."

आता माझे तीन दिवस मटणाचे, तीन दिवस सोयाबीनचे. सुरी आणि जाळी दोन्हीला वेगळी. सूनबाईचा हट्ट, आणि तो रास्त आहे. मटणाच्या दिवशी ती अजून नाकाला पदर लावते. मिठावरून सासऱ्याशी रोज भांडते. एक जुनं गिऱ्हाईक फणफणत आलं, "तुम्हीसुद्धा फितलात?" मालकीण म्हणाली, "अर्धा किलो घ्या आणि घरी जाऊन रागवा." त्यानं घेतला. कशाचा घेतला ते सांगणार नाही.

परवा पाटी रंगवायला पेंटर आला. ब्रश बुडवून विचारू लागला, "दादा, मटणाचं दुकान लिहू, की आणखी काही?"

मालकानं सूनबाईकडे पाहिलं. ती हँडल फिरवत होती.

"खिमा लिही," तो म्हणाला. "कशाचा ते आत येऊन विचारतील."

तर या, विचारा. लाजू नका. तुम्ही काय खावं ते मी सांगणार नाही, तेवढी अक्कल तुम्हाला असावी. माल थंड आणा, मला कोरडी पुसा, आणि सोयाबीन नीट भिजवल्याशिवाय माझ्या तोंडात घालू नका. गेल्या आठवड्यात कुणीतरी घातलं. पात्याचा टवका उडाला माझ्या. कुणी ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि तो गल्ल्यावर बसून शीळ घालतोय.