न्हाणीघरातलं ऑफिस

निवृत्तीच्या समारंभात मंत्रीसाहेबांनी हसत विचारलं, "सर विल्फ्रेड, इतक्या वर्षांतलं तुमचं सगळ्यात आवडतं ऑफिस कुठलं?" खात्याचे सर्वोच्च सचिव विल्फ्रेड हॅडो यांची खोली लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये, मोठ्या सरकारी कचेऱ्यांच्या रस्त्यावर होती, खिडकीतून बाग दिसणारी. पण ते चटकन बोलून गेले, "न्हाणीघर." सगळे खो खो हसले. हॅडो काही विनोद करत नव्हते.

पुढच्याच आठवड्यात ते गाडी पकडून वेल्सच्या किनाऱ्यावर, कॉल्विन बेला गेले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडणार म्हणून अख्खं अन्नखातं इथल्या हॉटेलांत हलवलं होतं. हॅडो तेव्हा तेवीस वर्षांचे, नवेकोरे; काम रेशनच्या नियमांची पत्रकं लिहायचं. त्यांच्या वाट्याला एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरचं न्हाणीघर आलं. टबावर फळी टाकली की झालं टेबल. समोर, बेसिनला टेकून, त्यांच्या वरिष्ठ मिस मॉड ट्रँटर बसायच्या. वर कुणी नळ सोडला की भिंतीतला पाइप असा घुरघुरायचा की लंडनहून फोनवर बोलणारे साहेब विचारायचे, "तिथं कुणी आजारी आहे का?"

युद्ध संपल्यावर हॅडो लंडनला परतले आणि 'सर' हा किताब मिळेपर्यंत चढत गेले. मिस ट्रँटर इथंच राहिल्या, लोकरीचं दुकान काढून. दर नाताळाला कार्ड यायचं, जायचं, बस.

आता ठरल्याप्रमाणे त्याच हॉटेलच्या चहाघरात मिस ट्रँटर काठी टेकत आल्या. त्र्याहत्तर वर्षांच्या, पण आवाज तोच.

"काय रे, आता तुला सर म्हणायचं का?"

"तुम्ही नका म्हणू, मिस ट्रँटर."

"मग तूही मला मॉड म्हण. मी काही आता तुझी साहेब नाही."

हॅडोंनी तोंड उघडलं, पण जीभ वळेना. त्या पोट धरून हसल्या.

मग चहाबरोबर गोड पाव आले, लोणी भरपूर. "एवढं लोणी तेव्हा आपण रेशनवर चौघांच्या कुटुंबाला आठवडाभर पुरवलं असतं," त्या म्हणाल्या, आणि जरा जास्तच लावून घेतलं.

"तुमचं एक वाक्य मी जन्मभर वापरलं," हॅडो म्हणाले. "कुठलाही मसुदा आला की विचारायचो, रांगेत उभ्या असलेल्या बाईला हे कळेल का? हाताखालची मुलं म्हणायची, साहेबांचा प्रश्न आला, पळा! त्यांना वाटायचं, तो माझाच."

"माझा तरी कुठं होता? माझी आई खाटकाच्या रांगेतून घरी यायची आणि मलाच फैलावर घ्यायची. 'तुमच्या खात्यात कुणाला इंग्रजी येतं का गं?' मग मी ऑफिसात येऊन तुझ्यावर ओरडायची."

हॅडो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. व्हाइटहॉलमध्ये त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

मॅनेजरला विचारून दोघं ते न्हाणीघर बघायला वर गेले. टब बदलला होता, भिंती गुलाबी झाल्या होत्या. "किती लहान आहे रे हे!" मिस ट्रँटर दारातूनच म्हणाल्या. हॅडोंना ते तेव्हा कधीच लहान वाटलं नव्हतं. देशातल्या प्रत्येक घरातली चूल तिथून दिसते, असं वाटायचं.

त्यांनी मिस ट्रँटरना बसपर्यंत पोचवलं. खिडकीतून त्या ओरडल्या, "उद्या दुकानात ये. लोकर गुंडाळायला माणूस हवाय!"

"किती वाजता येऊ?"

"निवृत्त झालास ना? जाग येईल तेव्हा ये!"

बस वळली. लंडनचं परतीचं तिकीट संध्याकाळच्या गाडीचं होतं. हॅडो हॉटेलात शिरले आणि आणखी आठवडाभर खोली मिळेल का, म्हणून विचारू लागले.