थोरलीने पोटात घातलेलं

आमच्या दोन कंपायलरना मी थोरली आणि धाकटी म्हणायचे. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवायचा, हे त्यांचं काम. आमच्या यंत्रणेतून हजारो प्रोग्राम बांधून लोकांकडे जायचे, आणि कुठला कुणाकडून बांधून घ्यायचा हे मी ठरवायचे. थोरली रटाळ, धाकटी चटपटीत. "एका घरात दोन चुली कशाला? म्हातारीला आता विश्रांती," असं दादाच्या घरी सगळ्यांसमोर सांगून मी सगळीकडे धाकटीचं नाव घातलं.

त्या हजारोंतला एक प्रोग्राम म्हणजे माझ्या दादाचा आवाज. घशाच्या ऑपरेशननंतर तो टाइप करायचा आणि लॅपटॉप बोलायचा. सोमवारी तो पुन्हा वर्गात शिकवायला उभा राहणार होता. धाकटीने बांधलेला प्रोग्राम मी मोठ्या ऐटीत आधी त्याच्या लॅपटॉपवर चढवला. त्याने टाइप केलं. लॅपटॉप नुसता खरखरला.

दादाने पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर लिहिलं होतं, "माझी वाचाच बसवलीस की गं!"

मला हसू येईना. त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच मी प्रोग्राम उसवत बसले. आवाजाची पातळी ठेवायच्या जागी प्रोग्राम लिहिणारा सुरुवातीचं शून्य घालायलाच विसरला होता. थोरली दरवेळी न सांगता तिथे शून्य ठेवायची. धाकटीने मात्र तिथे आधीचा जो कुठला आकडा कचऱ्यासारखा पडला होता, तोच उचलला.

"म्हणजे इतकी वर्षं तिने कुणाची तरी चूक पोटात घातली?" वहिनीने विचारलं.

"यंत्राला कुठलं आलंय पोट!" मी फणकारले. पण माझ्या अंगावर काटा आला होता. दादाचा प्रत्येक शब्द त्या न सांगितलेल्या शून्यावर उभा होता, आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

ते शून्य मी चुटकीसरशी घातलं असतं. पण सापडलेलं हे एक. तिने आणखी काय काय पोटात घातलंय, ते सोमवारच्या आत कोण शोधणार? या प्रोग्रामपुरतं मी धाकटीचं नाव खोडलं आणि थोरलीचं लिहिलं.

ती तिच्या चालीने, एकेक फाइल घेत बांधत गेली. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. मग दादाने टाइप केलं.

"आता म्हणशील तिला म्हातारी?" लॅपटॉपने स्वच्छ आवाजात विचारलं.

या खेपेला वाचा बसली ती माझी.