एका माणसाचा सुशीला

येसूबाई पुण्याच्या बसमध्ये बसल्या तेव्हा यशपाल बनसोडे गुरुजींनी खिडकीखाली उभं राहून त्यांना छातीठोकपणे सांगितलं, "अगं, माझी काळजी करू नकोस. मी शंभर-शंभर पोरांना जेवू घातलंय."

"घातलंय न्हाय, घालताना बघितलंय," येसूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात बस हलली, म्हणून गुरुजींची अब्रू वाचली. कारण खरं तेच होतं. करकंबच्या शाळेत असताना पोषण आहाराचं काम त्यांच्याकडे होतं. काम म्हणजे काय, तर चुलीपासून चार हात लांब उभं राहायचं, स्वयंपाकाच्या बाईंना "पाणी आणखी घाला", "मीठ बेतानं" असं सांगायचं, आणि शेवटी चमचाभर चव घेऊन गंभीरपणे मान हलवायची. एवढ्या भांडवलावर हा माणूस आयुष्यभर स्वतःला स्वयंपाकातला जाणकार समजत आला होता. आता भवानी पेठेतल्या घरात (पुण्याची नव्हे, इथली भवानी पेठ) तो पहिल्यांदाच एकटा राहणार होता.

त्याला इलाज नव्हता. लेक धम्मप्रिया पुण्यात नोकरीला, तिचं दुसरं बाळंतपण तिथल्याच दवाखान्यात झालेलं, तेही ऑपरेशनचं. जावयाची पाळीची नोकरी. घरात चार वर्षांची थोरली नात मितू, आणि तिनं धाकटा भाऊ घरी आल्यापासून सकाळी तोंड उघडायचं बंद केलेलं. ताटली समोर ठेवली की ओठ घट्ट मिटून बसायची. लेकीला उठवत नव्हतं, नात खात नव्हती. अशा वेळी आई तिथंच हवी, दोन महिने तरी. गुरुजीही गेले असते, पण सकाळी त्यांच्या ओट्यावर गल्लीतली मुलं स्कॉलरशिपच्या अभ्यासाला बसत. परीक्षा तोंडावर आलेली असताना त्यांना सोडून जाणं गुरुजींच्या जिवावर आलं.

दुपार-रात्रीचा प्रश्न नव्हता. खानावळीचा डबा लावला होता. राहिला सकाळचा नाश्ता. गुरुजींनी तो चहा-बिस्किटांवर सोडवला. उत्तर काही दिवस बरोबर येत गेलं. मग एका सकाळी अपूर्णांकांची बेरीज शिकवताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते खडूसकट भिंतीला टेकले. फारसं काही झालं नव्हतं. साखरेच्या आजाराची गोळी आणि रिकामं पोट यांचं पटलं नव्हतं, इतकंच. पण ओट्यावरच्या ऋतुजानं ते आईला सांगितलं, आईनं फोन उचलला, आणि मुलांना पाणी पिऊन येण्याची सुट्टी संपायच्या आत बातमी पुण्याला पोचली.

"उद्यापासनं रोज सकाळी फोनवर ताटली दाखवायची," येसूबाईंनी हुकूम सोडला. "गरम हवं. हातानं केलेलं हवं. न्हाय तर ह्या पोरीला हाय तशी सोडून मी रविवारची गाडी धरते."

"अगं, तिला तुझी गरज आहे."

"मला कळतंय की. तुमाला कळतंय का बघा."

येसूबाई बोलतात ते करतात, हे गुरुजींना लग्नापासून ठाऊक होतं. त्या आल्या असत्या तर लेकीला टाक्यांसकट उठून दोन लेकरांचं बघावं लागलं असतं, आणि तेही कशामुळे, तर बापाला सकाळचं एका माणसाचं खाणं करता येत नाही म्हणून. कुणाला तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी उप्पीट करायला घेतलं. उप्पीट त्यांनी शाळेत पुष्कळदा शिजताना पाहिलं होतं. गणितही सरळ होतं. शंभर मुलांना किती रवा, किती तेल, किती पाणी, सगळं तोंडपाठ. प्रत्येकाला शंभरानं भागायचं, की एका माणसाचं उप्पीट तयार. इतकी वर्षं त्रैराशिक शिकवलं, पण त्याचा असा चटकदार उपयोग आपल्याला आजवर सुचला नाही, याची त्यांना हळहळ वाटली. रव्याला भागलं, मूठभर आला. तेलाला भागलं, काही थेंब आले. मोहरीला भागल्यावर त्यांनी तळहातावर दाणे घेतले, चष्मा लावला आणि जास्तीचे परत डब्यात टाकले.

पाण्यालाही त्यांनी प्रामाणिकपणे शंभरानं भागलं. मोठ्या पातेल्यात झाकणाखालचं पाणी आणि छोट्या कढईतलं पेलाभर पाणी सारखं वागत नाही, ही गोष्ट गणिताच्या पुस्तकात नसते. पाणी तापल्या कढईत पडलं, चर्रकन ओरडलं आणि निम्मं वाफ होऊन खिडकीतून गेलं. उरलं ते गुरुजींनी चमच्यानं उचलून पाहिलं. फळा पुसल्यावर खाली जी भुकटी पडते ती, फक्त जरा पिवळी.

फोनवर येसूबाईंनी ताटलीकडे बराच वेळ पाहिलं.

"हे भाजलंय का शिजवलंय?"

"दोन्ही."

"पाणी घेऊन बसा जवळ. ठसका लागंल," त्या म्हणाल्या, आणि एवढ्यावर त्या दिवशी सुटका झाली.

खरं तर गुरुजींनी दुसऱ्या दिवशी दुप्पट पाणी घालून बघायला हवं होतं. मुलांना ते नेमकं हेच सांगत: चुकलं तर परत करून बघा, पुसून टाकू नका. पण दुसऱ्याला शिकवणं आणि स्वतः शिकणं यात फार अंतर असतं. ते पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या चनबसप्पाच्या हातगाडीपाशी जाऊन उभे राहिले.

"जय भीम गुरुजी. बाई गावाला गेल्यात व्हय?" चनबसप्पानं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"गुरुजी, माणूस पिशवीत डबा लपवून उप्पीट न्यायला आला की कळतं की." त्यानं डबा भरला, वर खोबरं भुरभुरलं आणि हळू आवाजात म्हणाला, "बाईंना सांगणार न्हाय मी."

चनबसप्पानं शब्द पाळला. त्याची गरजच पडली नाही. गुरुजींनी घरी येऊन उप्पीट आपल्या ताटलीत काढलं, चमच्यानं कडा जरा विस्कटल्या, म्हणजे घरचं वाटावं, आणि फोन लावला. उप्पीट मोकळं, लुसलुशीत, वाफाळतं दिसत होतं.

"लई झ्याक झालंय की," येसूबाई म्हणाल्या. गुरुजींची छाती फुगली. आपण ते केलेलं नाही हे ते क्षणभर विसरूनही गेले. "वर पांढरं काय हाय?"

"खोबरं. ओलं."

"नारळ आणला व्हय?"

"आणला."

"फोडला?"

"फोडला."

"खवला कशानं? खवणी तर म्या हितं आणलीया." कॅमेरा हलला, आणि पुण्याच्या ओट्यावर ठेवलेली भवानी पेठेतली खवणी पडद्यावर दिसली.

 नोकरीत त्यांनी कितीतरी मुलांच्या कॉप्या पकडल्या होत्या, आणि दर वेळी त्याच खुणेवरून: ज्याला जेमतेम येतं त्याचं उत्तर अचानक फारच सुरेख येतं. ही खूण माहीत असलेला माणूस स्वतः कॉपी करताना मात्र वर खोबरं घालून घेतो, म्हणजे काय म्हणावं! एखाद्या पोरानं असं केलं असतं तर गुरुजींनी त्याला निदान कॉपी नीट करायला तरी शिक, असं म्हटलं असतं.

"धम्मे," येसूबाई मागे वळून म्हणाल्या, "रविवारचं तिकीट काढ माझं."

पाठीमागून लेकीचा दमलेला आवाज आला. "काढते आई." तिनं 'नको जाऊस' म्हटलं नाही. ते गुरुजींना फार लागलं.

"येसू, ऐक," ते घाईनं म्हणाले. "एक संधी दे. उद्या तुझ्या डोळ्यांदेखत करतो. फोन समोर ठेवून."

"नापासाला फेरपरीक्षा देत होता का तुमी?"

"देत होतो. दर वर्षी."

हे मात्र खरं होतं, आणि येसूबाईंना ते माहीत होतं. "उद्या सकाळी," त्या म्हणाल्या. "तवर तिकीट राहू दे, धम्मे."

रव्याच्या वाटेला पुन्हा जायचं नाही असं गुरुजींनी ठरवलं. सुशीला करायचा. येसूबाईंच्या घाईच्या दिवसातला हा पदार्थ: चुरमुरे पाण्यात भिजवायचे, पिळून घ्यायचे, कांदा-मिरचीच्या हळद घातलेल्या फोडणीवर टाकून वर दाण्याचं कूट घालायचं, एक वाफ आणायची. भाजणं नाही, पाण्याचा हिशेब नाही. मठ्ठातल्या मठ्ठालाही जमावा असा. गुरुजींनी स्वतःला त्या वर्गात बसवलं होतं.

सकाळी त्यांनी फोन डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर येसूबाई दिसल्या. त्यांच्या मांडीवर मितू होती, समोर सांज्याची भरलेली ताटली होती, आणि मितूचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"आजोबा काय करतायत?" तिनं ओठ उघडून विचारलं आणि लगेच मिटले, घास यायच्या आत.

"सुशीला," गुरुजी म्हणाले. समोर मूल आणि मुलाचा प्रश्न, एवढं मिळाल्यावर गुरुजींना परीक्षेचा विसर पडला. "हे बघ मितू, हे चुरमुरे. आता किती घ्यायचे? नीट ऐक. कच्चं असतं ते थोडं दिसतं आणि शिजलं की फुगतं. तांदूळ फुगतो. डाळ फुगते. रवा फुगतो. म्हणून शहाणा माणूस आधी थोडं घेतो. मी एकच मूठ घेतो."

"अहो—" येसूबाई म्हणाल्या.

"मध्ये बोलायचं नाही. परीक्षा चालू आहे."

येसूबाई गप्प बसल्या. त्या गप्प का बसल्या, हे गुरुजींना लवकरच कळलं. कांदा चिरून झाला, तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरची टाकली, खोकून झालं. हळद पडली. सगळं कसं वेळच्या वेळी. त्यांनी चुरमुऱ्यांचं वाडगं पुढं ओढलं, पाण्यात हात घातला, चुरमुरे पिळले आणि मूठ उघडून पाहिली.

तळहातावर लिंबाएवढा गोळा होता.

गुरुजींनी वाडग्यात पुन्हा हात फिरवला. पाणीच होतं. चुरमुरा आधीच फुगून बसलेला असतो. भिजल्यावर त्याला बसण्यापलीकडे काही उरत नाही. ही गोष्ट भेळवाल्यापासून बालवाडीपर्यंत सगळ्यांना माहीत असावी. पण त्यांच्या शाळेतल्या कोठीत चुरमुरे कधी आले नव्हते, आणि जे शाळेत आलं नाही ते जगात नाही, अशा थाटात गुरुजी आजवर जगत आले होते.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. त्यांनी तो गोळा मोकळा करून फोडणीत टाकला, कूट घातलं, मीठ घातलं, झाकण ठेवलं. वाफ आली. वास तर अगदी येसूबाईंच्या हातचा. त्यांनी सुशीला ताटलीत काढला. मोठ्या पांढऱ्या ताटलीच्या मधोमध दोन चमचे पिवळा सुशीला, चोहीकडे ओसाड माळ. कांदाच जास्त दिसत होता.

"झाला," गुरुजी म्हणाले. "गरम आहे. हातानं केलाय. एका माणसाचा आहे."

"एका चिमणीचा हाय," येसूबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरेना. मागून धम्मप्रियाही हसत होती आणि "आई गं, टाके दुखतात, पप्पा बास करा" म्हणत होती.

मितू मात्र हसली नाही. ती पडद्याच्या अगदी जवळ आली. तिचा डोळा आणि अर्धं नाक दिसू लागलं.

"आजोबा, तुम्हाला एवढंच दिलं?"

"एवढंच."

"सगळं संपवायचं का?"

गुरुजींनी चमचा भरला, खाल्ला, दुसरा भरला, खाल्ला. ताटली रिकामी झाली. "संपलं."

मितूनं आपल्या समोरच्या ढिगाकडे पाहिलं. "मला पण एवढंच पाहिजे," ती म्हणाली.

येसूबाईंचं हसणं थांबलं. त्यांनी रिकामी बशी घेतली, मधोमध दोन चमचे सांजा ठेवला आणि बशी मितूपुढे सरकवली. मितूनं तो खाल्ला. स्वतःच्या हातानं, चमच्याचा आवाज करत, आजोबांकडे बघत. मग रिकामी बशी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली.

"संपलं!"

"शाब्बास! आणखी घेणार?"

"तुम्ही घेतलं तर."

 मग धम्मप्रियाचा आवाज आला. "आई, तिकिटाचं काय करू?"

"कशाचं तिकीट?" येसूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "लेकरू किती दिसांनी आपल्या हातानं खायलंय. हितं ती, तितं ह्ये. रोज सकाळी आमनेसामने बसवायचं दोघांस्नी." मग फोनकडे वळून, "गुरुजी, तुमाला पास केलं असं समजू नका हं. ढकललंय वरच्या वर्गात."

"चालेल," गुरुजी म्हणाले. त्यांनी आजवर अनेकांना असंच ढकललं होतं; ढकललं गेल्यावर आत किती मोकळं वाटतं, हे आज कळत होतं. आणि त्याहून जास्त एक गोष्ट कळत होती, की आपल्याला सडकून भूक लागलीय.

त्यांनी गॅस पेटवून कढईत पुन्हा तेल सोडलं आणि चुरमुऱ्यांचा अख्खा डबा जवळ ओढला. वाडगं काठोकाठ भरलं, वर शीग चढली, चार चुरमुरे ओट्यावर सांडले.

"एवढे?" मितूचे डोळे मोठे झाले.

"बघत राहा." त्यांनी वरून पाणी ओतलं. शीग खाली बसली, वाडगं अर्धं झालं. त्यांनी पिळून पिळून चुरमुरे ताटलीत काढले आणि ताटली पडद्यासमोर धरली.

मितू पाहत राहिली. "आजोबा, बाकीचे कुठं गेले?"

इतका सुंदर प्रश्न गुरुजींना कित्येक दिवसांत कुणी विचारला नव्हता. त्यांनी ताटली खाली ठेवली, पंच्याला हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली. "गेले कुठंच नाहीत. चुरमुऱ्याच्या पोटात काय असतं, सांग बघू? हवा! आता हवा म्हणजे काय, तर—"

"अहो गुरुजी!" येसूबाई ओरडल्या. "तेल पेटंल! आधी गॅस बारीक करा, मग शिकवा!"