साताऱ्याची ओळ

मित्रांनो, मी एक कीबोर्ड आहे. स्वतःला जुना म्हणवून घेतो, पण वय विचाराल तर जेमतेम अडीच वर्षांचा. कचेरीत वस्तू लवकर जुनी होते. सांगलीच्या एका पाणीपुरवठा मंडळाच्या कोठीत, मोडक्या खुर्च्या आणि नकाशांच्या गुंडाळ्या यांच्यामध्ये, भिंतीकडे तोंड करून मला उभं करून ठेवलं आहे.

तुमच्यातल्या काहींच्या शाळेत आता कॉम्प्युटर आला असेल. सर त्याला हात लावू देत नसतील. कधी लावू दिलाच, तर माझ्या भावंडांकडे नीट पाहा. आमच्या अंगावर शंभरावर कळा असतात. त्यांतल्या एफ आणि जे या दोन कळांवर तांदळाच्या कणीएवढा उंचवटा असतो. तो कशासाठी, हे पुढे सांगेन.

मी कुठल्या देशात बनलो ते माझ्या पाठीवर लिहिलेलं आहे, पण पाठ मला दिसत नाही. सत्त्याण्णव सालच्या पावसाळ्यात मी थर्मोकोलच्या खोक्यातून सांगलीला आलो. खंडेनवमीला केरबा शिपायाने आमची पूजा केली. त्या दिवशीचं कुंकू माझ्या फटींत अजून आहे. तेव्हा कचेरीतली सगळी माणसं मला बघायला येत आणि चपला बाहेर काढून येत.

मला चालवायची ती भार्गवीताई. वाईची मुलगी, बी.एस्सी. झालेली, लग्न होऊन सांगलीत आली. कंत्राटावर होती, दर सहा महिन्यांनी तिचा कागद नवा व्हायचा. तिची बोटं हलकी होती, पण मधेच थांबायची. भिंतीवर फोन वाजला की थांबायची. तिला तीन वर्षांची मुलगी होती, अबोली. ताप चढला की अबोलीला आकडी यायची. म्हणून फोन कुणाचाही असो, भार्गवीताईचा हात आधी माझ्यावरून उचलला जायचा आणि फोन दुसऱ्याचा आहे हे कळल्यावरच परत यायचा. हे कचेरीत फक्त मला माहीत होतं.

अठ्ठ्याण्णव साली मंडळाने वेबसाइट काढली. वेबसाइट म्हणजे फोनच्या तारेतून कुठूनही वाचता येणारा सूचनाफलक, असं समजा. पण मराठी अक्षरं दुसऱ्याच्या मशीनवर गेली की फुटायची, त्यांच्या नुसत्या किडामुंग्या व्हायच्या. म्हणून नोटीस टाइपरायटरवर टाइप करायची, स्कॅनरवर तिचं चित्र काढायचं आणि ते चित्रच साइटवर लावायचं, अशी पद्धत पडली. त्या कामात माझा काही उपयोग नव्हता. सगळं माउसनेच व्हायचं. मी शेजारी नुसता पडून असायचो.

त्याच साली पावसाळ्यात राजेश्वरी आली. आष्ट्याची. वीस-बावीस वर्षांची वाटायची, पण तिशीला टेकली होती. जन्मापासून आंधळी, बी.ए. झालेली, टेलिफोन ऑपरेटरचं शिक्षण घेतलेली. सोबत वडील, जोतीराम. पलटणीतून निवृत्त होऊन आता ऊस बघायचे.

“तुमच्या साइटवर काय हाय ते मला ऐकायचं हाय, ताई,” ती म्हणाली. “मिरजेच्या आमच्या संस्थेत बोलणारा कॉम्प्युटर आलाय. तुमची साइट उघडली की तो म्हणतोय, ग्राफिक, ग्राफिक, ग्राफिक. अकरा येळा म्हणला आणि गप झाला.”

कचेरीचे अधीक्षक भाऊसो पलीकडच्या टेबलावर होते. ते हसले. “नळाला पाणी नाही म्हणून लोक आमच्या नावानं ओरडायलेत. साइट कोण बघतंय वो?”

“बघणारी मी न्हाईच की,” राजेश्वरी म्हणाली. “ऐकणारी हाय.”

भाऊसोंनी समोरची फाइल पुढे ओढली. मला फार बरं वाटलं.

ग्राफिक म्हणजे चित्र, आणि चित्राच्या मागे एक ओळ लिहून ठेवता येते, असं तिला संस्थेतल्या सरांनी सांगितलं होतं. ती ओळ पडद्यावर दिसत नाही, पण बोलणाऱ्या कॉम्प्युटरला सापडते आणि तो ती वाचतो. त्याला मराठी अक्षर कळत नाही. म्हणून बोली मराठी आणि अक्षरं इंग्रजी, अशी ती ओळ लिहायची.

भार्गवीताईने त्याच दुपारी करून पाहिलं. अकरा चित्रं, अकरा ओळी. मित्रांनो, डोळसांसाठी जे होतं ते माझ्या अंगावरून कधीच गेलं नाही. पण या न दिसणाऱ्या ओळींचं अक्षर न् अक्षर माझ्याच कळांवरून गेलं. आपण कशासाठी बनलो ते मला तेव्हा कळलं.

शनिवारी मिरजेहून फोन आला. “ताई, तुमच्या ओळी लागल्या. आष्ट्याला ॲश्टा म्हणतोय आणि पाण्याला पॅनी. पण कळतंय. सगळं कळतंय.”

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा भार्गवीताईने तिचा हात धरून माझ्यावर ठेवला. तिचं बोट सरळ एफवर गेलं, दुसरं जेवर. उंचवटे बरोबर सापडले. ते असतात ते यासाठीच. न बघता बोटांना आपलं घर सापडावं म्हणून. मग ती वडिलांना म्हणाली, “आबा, आता बोर्ड वाचायला तुमी सांगलीला खेपा घालायच्या न्हाईत. माझं मी बघीन.” जोतीरामांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

तेव्हापासून प्रत्येक नोटिशीमागे एक ओळ असायची. ओळ लिहिली की भार्गवीताई मिरजेला फोन करायची आणि राजेश्वरी ऐकून सांगायची, बरोबर आहे की नाही. एकीने लिहायचं, दुसरीने ऐकायचं.

नव्याण्णवच्या जानेवारीत मंडळाने कारकुनांची भरती केली. मुलाखती साताऱ्याच्या कचेरीत झाल्या. एप्रिलमध्ये दुसरी नोटीस निघाली. टेलिफोन ऑपरेटर, एक जागा, अंध उमेदवारासाठी राखीव. वयाची अट होती. राजेश्वरीला हे शेवटचं वर्ष होतं, आणि तिचं नाव सेवायोजन कार्यालयाकडून आलेलं होतं. मुलाखत सांगलीला, बारा मे, सकाळी अकरा. वेगळं पत्र धाडणार नाही, फलक आणि वेबसाइट पाहावी, असं खाली टाइप केलेलं होतं.

“हे लावलं की मिरजेला फोन करते,” भार्गवीताई म्हणाली.

“उमेदवार हाय ती आता,” भाऊसो म्हणाले. “कचेरीतून फोन गेला की उद्या वशिला म्हणतील. तुमचाही कागद जूनमध्ये संपतोय. कशाला अंगावर घेता?”

तिने फोन केला नाही.

त्या दिवशी अबोलीला सकाळपासून कणकण होती. भार्गवीताईने जानेवारीचंच पान पुन्हा उघडलं. चित्र बदललं. मग मागची जुनी ओळ घेतली आणि माझ्या कळांनी दुरुस्त करायला लागली. कारकून पुसून टेलिफोन ऑपरेटर. जानेवारी पुसून बारा मे. दहा पुसून अकरा. आता एकच शब्द राहिला होता. साताऱ्याचा.

फोन वाजला. या वेळी तो तिचाच होता. शेजारच्या अनसूयाबाईंचा.

“किती आहे?” ती म्हणाली. मग म्हणाली, “थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, मी आले.” उभ्याउभ्याच तिने माउसने पान साइटवर चढवलं आणि ती पळाली.

मी तिथेच होतो. पुढच्या कळा कुठल्या ते मला ठाऊक होतं. पण माझं मला काही टाइप करता येत नाही.

ती तिसऱ्या दिवशी आली. आकडी येऊन गेली होती, मुलगी वाचली होती. डोळे सुजलेले. आल्याआल्या तिने पान उघडून पाहिलं. चित्रात स्वच्छ लिहिलं होतं, सांगली. तिने सुस्कारा सोडला आणि पान मिटलं. मित्रांनो, तिने डोळ्यांनी तपासलं. चूक जिथे होती तिथे डोळे पोचत नव्हते.

बारा मेला अकरा वाजता साहेब लोक जमले. बारापर्यंत बसले, चहा घेतला आणि गेले. त्या जागेसाठी कुणीच आलं नाही. भार्गवीताई खिडकीपाशी जाऊन रस्ता बघून येत होती.

तीन वाजता राजेश्वरी आणि जोतीराम आले. अंगावर नवे कपडे, धुळीने भरलेले.

“पहाटेच्या एसटीनं साताऱ्याला गेलो,” जोतीराम म्हणाले. “तिथला वॉचमन म्हणतोय, हितं कायबी न्हाई. तसंच माघारी फिरलो. साहेब हाईत न्हवं?”

“साहेब गेले,” भाऊसो म्हणाले. “साताऱ्याला कोण म्हणालं तुम्हाला?” त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा वळवून जोतीरामांपुढे केला. “हे बघा. वाचा.”

जोतीरामांनी एकेक अक्षर लावत वाचलं. मग लेकीकडे वळले. “सांगली लिवलंय की गं,” ते हळू म्हणाले. “तुला ऐकायला चुकलं आसंल.”

राजेश्वरीने पिशवीतून छोटा टेपरेकॉर्डर काढला आणि चाचपून बटण दाबलं. जे लिहून घेता येत नाही, ते ती कॅसेटवर भरून ठेवायची. त्या बोलणाऱ्या कॉम्प्युटरचा साहेबी आवाज खोलीत आला. मुलाखत, ट्वेल्व्ह मे, सकाली इलेव्हन, सटारा करियाले.

“मशीनचा दोष,” भाऊसो म्हणाले. “इंग्रजी मशीनला मराठी काय कळतंय?”

भार्गवीताई माझ्यासमोर बसली. तिने चित्रामागची ओळ उघडली. भाऊसो तिच्या खुर्चीमागे आले, वाकले, आणि त्यांनीही ती वाचली. अगदी हलक्या आवाजात ते म्हणाले, “आधी ते दुरुस्त करा.”

मी तिची बोटं ओळखतो. या वेळी ती मधे थांबली नाहीत. बोट पुसायच्या कळेवर आलं. सहा वेळा. मग सांगलीचे सहा ठोके.

“ताई,” राजेश्वरी म्हणाली, “काय पुसलंत?”

पंखा फिरत होता.

“सहा येळा एकच कळ वाजली. मग सहा येगळ्या वाजल्या. काय पुसलंत?”

“सातारा,” भार्गवीताई म्हणाली. खुर्चीवरून उठली. “सातारा लिहिलेलं होतं. माझी चूक. अबोलीला ताप होता, फोन आला, आणि तो एक शब्द राहिला. आणि आत्ता पुसला तोही मीच. तुझं ऐकण्यात काही चुकलं नाही.”

जोतीराम खाली बसले. बाकावर नाही, जमिनीवरच.

मग राजेश्वरीने विचारलं, “पोरगी बरी हाय न्हवं आता?”

भार्गवीताईने मान हलवली. राजेश्वरी वाट बघत उभीच राहिली. मग भार्गवीताईच्या ध्यानात आलं, आणि ती मोठ्याने “हो” म्हणाली. तेव्हा तिला रडू फुटलं.

“मग आता सगळी पानं बघा,” राजेश्वरी म्हणाली. “मिरजेत आमी चौघं हाय ऐकणारी.” तिने हात पुढे केला, माझ्यावरचे दोन उंचवटे शोधले, थोडा वेळ बोटं तिथेच ठेवली, आणि वडिलांना उठवून ती गेली.

भार्गवीताईने त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, माझ्यावरच. चूक उमेदवाराची नाही, माझी आहे, मुलाखत पुन्हा घ्यावी. तो अर्ज फाइलला लागला. मुलाखत पुन्हा झाली नाही. जूनमध्ये तिचा कागद नवा झाला नाही. ती गेली त्या दिवशी तिने ओल्या फडक्याने माझी एकेक कळ पुसली, तापलेल्या मुलाचं कपाळ पुसावं तशी.

जुलैत भार्गवीताईच्या जागी नवा माणूस आला. राजेश्वरीला गेलेलं पत्र त्याने माझ्यावर टाइप केलं. ‘आपण मुलाखतीस गैरहजर राहिल्याने आपला विचार करता येत नाही.’ मी शब्द अडवू शकत नाही. माझ्यावर बोट पडलं की अक्षर उमटतंच. आष्ट्याला ते पत्र तिला कुणी वाचून दाखवलं असेल? वडिलांनीच. दुसरं कोण होतं?

नव्या माणसाने चित्रांमागे ओळी लिहिल्या नाहीत. न दिसणाऱ्या जागी कशाला लिहायचं, असं त्याला वाटलं. एक-दोनदा मिरजेहून फोन आला, केरबाने निरोप ऐकून घेतला, पुढे तेही थांबलं. आता तक्रार येत नाही. म्हणून भाऊसो सगळ्यांना सांगतात, आमची साइट चांगली चालली आहे. दिवाळीच्या सुमारास माझ्यावर चहा सांडला आणि माझी एस ही कळ बसली. तेवढ्यावर मी कोठीत आलो.

मित्रांनो, मला पुन्हा टेबलावर ठेवा असं मी म्हणत नाही. उद्या तुमच्यातलं कुणी अशी पानं बनवेल. बनवाल तेव्हा ते स्वतःच बघून चांगलं म्हणू नका. ज्याला ते दिसत नाही त्याला ऐकायला द्या, आणि तो सांगेपर्यंत थांबा. घरात कुणाला ताप असेल, तर पळा, जरूर पळा. पण परत आल्यावर हात कुठे थांबला होता ते शोधा.

आणि कुणी काही विचारलं, तर नुसती मान हलवू नका. तोंडाने हो म्हणा. समोरचा माणूस तुमच्या आवाजाची वाट बघत उभा असेल.