नक्षी आईची, सुरी माझी

बिश्केकमध्ये छपाईचं दुकान आहे माझं. रोज दहा बायोडेटे डोळ्यांखालून जातात, तरी बुरुलचा या पोरीचा पाहून डोकंच फिरलं. सात रंग, पाच तऱ्हेची अक्षरं, प्रत्येक कौशल्यापुढे चांदण्या, वर 'अविवाहित' हेही ठळक अक्षरांत.

"अगं, नोकरी मागतेस की नवरा?"

"हसू नका हो, झूरा एजे." आमच्याकडे ताईला एजे म्हणतात. "डिझाइन स्टुडिओत एकच जागा आहे. मिळाली तर आईला परत बोलावता येईल. नाही मिळाली तर रविवारी मीच मॉस्कोला, तिच्या गोदामात खोकी भरायला."

तिची आई चार वर्षं तिकडेच आहे. मी चांदण्या पुसल्या, अविवाहितही पुसलं. "आता काम दाखव."

कामं बरीच होती आणि सगळी कुठेतरी पाहिल्यासारखी. अगदी शेवटी एका शिर्दाकचा फोटो निघाला. लाल-काळ्या नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा गालिचा, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी.

"हा का लपवलास?"

"गावाकडचं काम ते. आणि नक्षी आईने खडूने काढली. मी नुसती कापली."

नुसती म्हणे! लाल आणि काळा नमदा एकावर एक ठेवून एकाच सुरीने कापायचे, हात चुकला की दोन्ही वाया. मग लालातलं काळ्यात बसवायचं, काळ्यातलं लालात. म्हणून गालिचे नेहमी दोन होतात.

"याच्या जोडीचा कुठेय?"

"आईकडे. खाटेपाशी अंथरते."

डाव्या अर्ध्या पानावर त्या गालिच्याचा फोटो लावला. उजव्या बाजूला ती लगेच माहिती कोंबायला निघाली, तेव्हा मी तिचा हात धरला. मग तिने तिथे त्याच नक्षीची नुसती रेघ ओढली आणि आतली जागा कोरी ठेवली. खाली लिहिलं, 'नक्षी आईची, सुरी माझी. जोडीचा गालिचा मॉस्कोत.'

ती गेल्यावर मला धास्ती वाटली. आपल्या हट्टापायी पोरीची नोकरी तर घालवली नाही ना?

शनिवारी ती धापा टाकत आली. "एजे, स्टुडिओच्या मुख्य बाईंनी ते पान किती वेळ हातातच धरलं होतं! मग विचारलं, आई कधी येणार? मी म्हटलं, ते तुमच्यावर आहे."

"आणि?"

"सोमवारपासून कामावर जायचंय."

पानाचा फोटो आम्ही तिच्या आईला पाठवला. उत्तर माझ्या फोनवर आलं. "झूरा, ती कोरी जागा तशीच राहू दे. खाटेपाशीचा गालिचा गुंडाळलाय मी."