अठ्ठावीसचा कमठा

टक्.

बाळ नुकतंच झोपलं होतं आणि घर अगदी चिडीचूप होतं. तेवढ्यात वाऱ्यानं दार हललं आणि दारामागच्या खिळ्यावर टांगलेला मी त्याच्यावर आपटलो. बाळानं झोपेतच मूठ उघडली, मिटली आणि कूस बदलली. माझा जीव भांड्यात पडला. घर असं शांत असलं की मला बोलावंसं वाटतं, म्हणून म्हटलं, आज तुमच्याशी बोलू.

मित्रांनो, मी एक जुना कमठा आहे. लाकडी धनुष्य म्हणा हवं तर. मी दुकानातला नाही, घरी केलेला आहे. माझ्या अंगावर एक गाठ आहे आणि मधोमध जरासा बाकही आहे, पण त्याची मला लाज वाटत नाही.

परसातलं तुतीचं झाड वादळात आडवं झालं, तेव्हा सगळे म्हणाले, चला, सरपण झालं. घरातल्या सुतारबाबांनी मात्र एक सरळ फांदी उचलून सावलीत ठेवली. त्यांची छोटी मुलगी रोज विचारायची, "बाबा, झाला का कमठा?"

"लाकडाला दम धरू दे गं. ओलं लाकूड वाकवलं की वाकलेलंच राहतं, माझ्या पाठीसारखं."

फांदी वाळल्यावर त्यांनी मला रंध्यानं तासलं, कानशीनं घासलं आणि शेवटी फुटक्या काचेच्या धारेनं हळूहळू खरवडून गुळगुळीत केलं. दोरी चढवून पहिल्यांदा वाकवलं तेव्हा मी कुरकुरलो. बाबांनी लगेच हात थांबवला. ज्यानं माझी कुरकुर ऐकली, त्याच्या हातून मी घडलो, हे माझं भाग्य.

त्या मुलीनं मला इतकं ओढलं की माझ्या मुठीवर तिच्या अंगठ्याचा खळगा पडला. खेळ संपला की ती न विसरता माझी दोरी उतरवायची आणि मला तेलाचा हात लावायची. मित्रांनो, रात्रभर दोरी ताणलेली राहिली की आमच्या अंगातला जोर निघून जातो.

पुढे ती मोठी झाली, शिवणकाम शिकली, लग्न झालं, आई झाली. माझ्या टोकाला कुंचा बांधून जळमटं काढली गेली. माळ्यावरचे डबे माझ्याच टोकानं ओढले गेले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण अडगळीत टाकलेल्या वस्तूंपेक्षा माझं बरं होतं. निदान मी कुणाच्या तरी हातात होतो.

मग एके दिवशी त्या आईची थोरली मुलगी, बाळाची ताई, मला घेऊन घरभर नाचली. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी राहत नाही. तिच्या शाळेत घरी केलेल्या लाकडी धनुष्यांची चाचणी होणार होती. बाण सेकंदाला निदान तीस मीटर वेगानं सुटला, तरच नेमबाजीत भाग घेता येणार होता. त्याहून हळू बाण निशाणात रुतत नाही, आपटून खाली पडतो.

वेग मोजायची युक्ती बाईंनी शिकवली होती. आईनं शिवणाच्या चिंध्या पोत्यात ठासून निशाण केलं आणि टेपनं दहा मीटर मोजून ते परसातल्या भिंतीला टेकवलं. मोबाइलवर आवाज भरायचा. दोरी सुटल्याचा एक, बाण पोत्यात घुसल्याचा दुसरा. मध्ये किती वेळ गेला ते मोबाइलच्या पडद्यावर बघायचं आणि भागाकार करायचा. मोबाइल आईच्या खिशात होता आणि आई भिंगरीच्या शेजारी उभी होती.

टण्... थप्प.

"अठ्ठावीस," भिंगरी म्हणाली. पुन्हा मारला. पुन्हा अठ्ठावीस. कितीदा मारला तरी आकडा जागचा हलेना.

"हळूबाई आहे हा," ती रडवेली होऊन म्हणाली. "सगळे हसतील मला."

आजोबांनी, म्हणजे आमच्या सुतारबाबांनी, मला उलटंपालटं करून पाहिलं. "दोन्ही टोकं चार-चार बोटं कापू. आखूड झाला की ताठ होईल आणि बाण जोरात जाईल."

"आणि तुटला तर?" आईनं विचारलं.

"जुनं लाकूड आहे. तुटेलही." आजोबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "पण पोरीचा हिरमोड बघवत नाही मला."

आईनं मला त्यांच्या हातातून घेतलं. तिचा अंगठा आपसूक त्या खळग्यात जाऊन बसला होता.

मोकळ्या मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आजोबांची शेड आहे. तिथे त्यांनी मला फळीवर धरलं आणि हलू नये म्हणून पाचर ठोकायला घेतली. शेजारी करवत काढून ठेवली होती. ती मला दिसत होती. मी मनात सगळ्यांचे आभार मानून घेतले, राहून जायला नकोत म्हणून.

तिकडे आई परसात कपडे वाळत घालत होती. तिनं पाहिलं, आजोबांचा हातोडा खाली येतो, पुन्हा वर उचलला जातो आणि मग कुठे 'ठक्' ऐकू येतं. ती ओला सदरा हातात घेऊन तशीच मैदानातून धावत सुटली.

"बाबा, थांबा. करवत ठेवा खाली."

"काय झालं? बाळ उठलं?"

"कमठा हळू नाहीये. मोबाइलला उशिरा ऐकू येतंय, तुमच्यासारखं."

"मला सगळं ऐकू येतं," आजोबा म्हणाले. "फक्त कामाचं नसेल तर मी घेत नाही."

"अहो, बाण तिकडे पोत्यात घुसतो. तो आवाज दहा मीटर परत येईपर्यंत जो वेळ जातो, तोही आपण ह्याच्याच नावावर टाकला."

आजोबांनी पाचर काढली.

या खेपेला मोबाइल बरोबर मधोमध, एका स्टुलावर ठेवला. आता दोन्ही आवाजांना सारखीच वाट होती. भिंगरीनं दोरी ओढली. मी सगळा जीव पणाला लावला.

टण्... थप्प.

भिंगरीनं भागाकार केला, पुन्हा केला आणि हळूच म्हणाली, "एकतीस."

आजोबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. शाळेच्या चाचणीत मी पास झालो, नेमबाजीत भिंगरी तिसरी आली. पण मी मनात जपून ठेवलाय तो दिवस परसातला.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा जुना कमठा असेल तर काम झाल्यावर त्याची दोरी सैल करा. रिकामी दोरी ओढून सोडू नका; बाण नसला की तो सगळा हिसका आमच्याच अंगात शिरतो. आणि कुणी हळू वाटलं, तर कापायला घेण्याआधी आपण कुठे उभे राहून ऐकतोय, ते एकदा बघा.

एकतीस निघाले त्या संध्याकाळी आईनं बाळाला मांडीवर घेतलं आणि भिंगरीला माझी दोरी उतरवायला शिकवलं. मग तेलाचं फडकं दिलं. भिंगरी मला पुसत राहिली. टोकापासून मुठीपर्यंत आली आणि थांबली.

"आई, हा एकतीसचाच होता ना आधीपासून?"

"हो गं."

"मग आपण त्याला हळूबाई म्हणालो, ते त्याला ऐकू गेलं असेल का?"